पाइपाशी गाणारा काउबॉय

"बारा वाजेपर्यंत," बर्च म्हणाला. "त्यानंतर मी माझी माणसं वर काढणार."

इडा मे स्कॉगिन्सनं त्याची बाही धरली. तिचा नवरा व्हर्जिल आणि त्याचे दोन सोबती काल संध्याकाळपासून जस्ताच्या खाणीत अडकले होते. छत कोसळून बोगदा बुजला होता. नऊ जण दगड उपसत होते, पण छताला नव्या भेगा पडत होत्या आणि पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं. बर्च मुकादम होता. तिघांसाठी आणखी नऊ जण गाडायची त्याची तयारी नव्हती.

सकाळी माळावरून भोक पाडून एक लोखंडी पाइप थेट खालच्या मोठ्या दालनात सोडला होता. तिघं तिथंच कामाला होते. बर्चनं पाइपावर हातोडा हाणून पाहिला. खालून काहीच नाही.

"एक ठोका आला असता ना इडा, तर मी स्वतः उतरलो असतो. नुसत्या आशेवर या पोरांना कसं ठेवू?"

इडा मे वळली आणि गावाकडे पळत सुटली.

थिएटरापुढे सिनेमातल्या गाणाऱ्या काउबॉयचा, लॉनी टॅरंटचा, घोडा गाडीतून उतरवत होते. दुपारच्या खेळानंतर लॉनी स्टेजवर चार गाणी म्हणणार होता. त्याचे सिनेमे सहा दिवसांत बनत आणि तासाभरात संपत. दर वेळी तोच डोंगर, तीच टपालगाडी, आणि तोच खलनायक फक्त मिशी बदलून. तरी शनिवारी त्या गावात तिकिटाला रांग लागायची. आठवडाभर जमिनीखाली राहणाऱ्यांना तेवढं मोठं आकाश आणखी कुठं दिसणार? आणि त्या आकाशाखाली कुणी मागं राहत नसे. लॉनी गात गात यायचा आणि सगळ्यांना घेऊन जायचा.

इडा मेनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"व्हर्जिलनं तुमचा एक सिनेमा चुकवलेला नाही. तुमचा आवाज ऐकला तर तो नक्की ठोका देईल."

"बाई, ते सिनेमे असतात," लॉनी हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे मला. पुठ्ठ्याचे खडक आणि एक म्हातारा घोडा. चला तुम्ही."

लॉनीचा मॅनेजर अर्नी मध्ये पडला. "त्या धुळीत गाणार तू? सोमवारी रेकॉर्डिंग आहे. हे बघ, अभिनय तुला येत नाही, सगळे पेपरवाले तेच लिहितात. घोड्यावरून दोनदा आपटलायस. गळा गेला तर उरतं काय तुझ्याकडे?"

लॉनीनं आपली पांढरी हॅट डोक्यावर दाबली आणि तो तिच्या मागून निघाला.

खाणीच्या तोंडाशी बायका, म्हातारे, सगळं गाव जमलं होतं. "आला हिरो," बर्च कडवट हसला. "पिस्तूल आणलंयस का छताला धाक दाखवायला?"

लॉनी चिखलात पालथा पडला. पाइपाला तोंड लावून त्यानं गाणं म्हटलं, घरी परतणाऱ्या गुराख्याचं. मग कान लावला. 

तो तसाच पडून राहिला. मग त्याचा हात वर आला. तीन बोटं.

"तीन ठोके," तो म्हणाला.

गर्दीतून हुंदका फुटला. बर्चनं धावत येऊन कान लावला, कपाळाला आठ्या घालून ऐकलं. "मला काही येत नाही ऐकू."

"तीस वर्षं सुरुंग उडवलेत तू," मागून एक म्हातारा ओरडला. "तुला तुझी बायको तरी ऐकू येते का?"

बर्चनं इडा मेला खूण केली. "तू ऐक."

ती गुडघ्यावर बसली. बराच वेळ कान लावून बसली. उठताना तिनं एकदा लॉनीकडे पाहिलं.

"येतंय," ती म्हणाली.

बर्चनं डोक्यावर टोपी चढवली आणि माणसं खाली-वर नेणाऱ्या मोठ्या लोखंडी बादलीत बसून स्वतः खाली उतरला.

बारा वाजले, एक वाजला. लॉनी गायचा, कान लावायचा, बोटं वर करायचा. प्रत्येक वेळी ती बातमी बादलीबरोबर खाली जायची. खालची माणसं हाताची साल गेली तरी दगड उपसत राहिली. दोनच्या सुमाराला छताचा एक तुकडा पडून एकाचा खांदा मोडला. "अजून येतायत का ठोके?" बर्चनं खालून निरोप पाठवला. लॉनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं कान लावला. बोटं वर आली.

तीनला त्याचा आवाज फाटला. चारला तो थुंकला त्यात रक्त होतं. अर्नी त्याचा दंड धरून ओढू लागला, तेव्हा त्यानं अर्नीला चिखलात ढकललं. नंतर सूर उरलाच नाही, नुसती खरखर. तरी तो गातच होता.

पाच वाजून गेल्यावर खालून आरडाओरडा ऐकू आला: दगडांपलीकडून तिघं सरपटत बाहेर आले होते. बादली वर आली. एक. मग दुसरा. शेवटी व्हर्जिल, चिखलानं माखलेला, पाय मोडलेला, जिवंत. इडा मेनं त्याचं डोकं छातीशी धरलं.

बर्च हसत होता आणि रडतही होता. "व्हर्जिल, बघ कोण आलंय! सकाळपासून पाइपातून तुमच्यासाठी गातोय हा. तुमचे ठोके येत होते म्हणून आम्ही टिकलो, नाहीतर बारालाच सोडून दिलं असतं."

व्हर्जिलनं उजेडानं मिटलेले डोळे कसेबसे उघडले.

"कसला पाइप, बर्च? आम्ही काल पहिल्या हादऱ्यालाच मोठ्या दालनातून पळालो, पूर्वेच्या जुन्या बोगद्यात."