मनगटावर राहिलेला धागा

कॉफी उतू जाऊन चुर्र आवाज झाला, तेव्हा कुठे मला कळलं. सासूबाई करवादल्या, "समोर उभी राहून उतू घालवतेस! लक्ष कुठे असतं गं तुझं?" माझी नजर अधू होतेय हे घरात ठाऊक आहे, किती, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या बल्गेरियात मार्च लागताच मनगटावर बांधलेला लाल-पांढरा धागा, पहिला करकोचा दिसला की सोडायचा आणि फुललेल्या झाडाला बांधायचा. गावात सगळ्यांचे सुटले, माझाच राहिला. "तू वर बघतच नाहीस, आई!" असं दटावून माझ्या लेकीने, रालित्साने, फोनवर करकोच्याच्या घरट्यासमोरच्या कॅमेऱ्याचं पान उघडून दिलं आणि धागा बांधायला फुललेली फांदी वाकवायला अंगणात पळाली.

मी ब्राउझरमध्ये चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, रंग उलटे केले. दर महिन्याला एकेक पायरी चढत आले होते. आज पायऱ्या संपल्या. समोर नुसता करडा धूर. शेवटी पान वाचून दाखवणारा आवाज लावला. तो म्हणाला, "चित्र. वर्णन नाही."

"दिसला का गं?" अंगणातून हाक आली.

"दिसला गं बाई! केवढा मोठा!"

"हुश्श! म्हणजे डोळे शाबूत आहेत म्हणायचे," सासूबाई म्हणाल्या. रालित्सा धावत आली, गाठ सोडायला बसली, आणि फोनकडे बघून थबकली.



"आई, घरटं तर रिकामं आहे. तुला कुठे दिसला?"