डोक्याला कोण?

"डोक्याला कोण?" मामांनी विचारलं. विचारायची रीत म्हणून विचारलं, उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. डोक्याला ताई.

हाडांच्या वॉर्डातली ही भाषा. मानेचा मणका मोडलेला माणूस कुशीवर वळवायचा तर अख्खा ओंडक्यासारखा वळवावा लागतो. एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय, खांद्याला, एक पायांना, एक नर्स कमरेला, एक जण मागे पाठीला, आणि एक जण उशाशी, दोन्ही हातांत डोकं घट्ट धरून. डोकं ज्याच्या हातात, हुकूम त्याचा. मग तिथे मोठे डॉक्टर का उभे असेनात. आणि या वॉर्डात "तीन" कधी म्हणत नसत. तीनवर वळवायचं की तीन झाल्यावर, यावरून मामांचा एकदा घोळ झाला, तेव्हापासून ताईंनी तीनच काढून टाकला. एक, दोन, चला.

कॉटवर रंगारी होता, परांचीवरून पडलेला. मानेला पट्टा आणि नजर छताला. उशाशी वाकणाऱ्या ताई त्याला उलट्याच ओळखीच्या होत्या, हनुवटी वर आणि कपाळ खाली. हे छत कुणी रंगवलं, असं तो रोज विचारी आणि रोज नाक मुरडी.

ताई दमल्या होत्या. झोपून उठलं की जाणारा थकवा वेगळा, हा हाडांत मुरलेला होता. वॉर्डाच्या इन्चार्ज त्याच, पण सोमवारपासून त्यांना वर मेट्रनच्या ऑफिसात बसायचं होतं. बढती मिळाली म्हणून येणारा-जाणारा पेढे मागत होता. ती घेण्याचं खरं कारण अंगठ्यांत होतं. आयुष्य हाडांच्या वॉर्डात गेलं आणि स्वतःचेच सांधे झिजले, दिव्याखाली अंधार तो हाच. बाटलीचं झाकण उघडायला त्या घरी नवऱ्याला हाक मारत. वॉर्डात मात्र अवाक्षर काढलं नव्हतं.

आपल्या जागी कोण, ते नाव त्यांनी दुपारपर्यंत मेट्रनबाईंना कळवायचं होतं. त्यांच्या मनात एकच नाव होतं, धाकटी. केस पांढरे व्हायला लागले तरी वॉर्डात ती धाकटीच. बढतीची परीक्षा केव्हाच पास झालेली, आणि जागा निघाली की दर वेळी काहीतरी सबब सांगून अंग काढून घेणारी. ती नाही म्हणाली तर दुसऱ्या विभागातून कुणीतरी येणार होतं, आणि तिथल्या कुणी उभ्या जन्मात मोडकी मान हातात धरलेली नव्हती. ताईंनी सकाळपासून गोडीत सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. मामांनी न विचारताच आपलं मत दिलं, की डोक्याला राहायचं म्हणजे डोक्याला ताप, नको म्हणते ते शहाणपणाचंच आहे.

"मला पाठीलाच राहू द्या, ताई," धाकटी फडकं पिळत म्हणाली. "डोक्याला गेलं की पाठ दिसत नाही. तुम्ही शेवटची पाठ कधी बघितलीत?"

ताईंना ते लागलं. खरं होतं म्हणून जरा जास्तच लागलं.

त्यांनी रंगाऱ्याचं डोकं धरलं. एक, दोन, चला. रंगारी कुशीवर आला. धाकटी पाठ पुसायला लागली आणि थांबली. माकडहाडाशी लाल झालंय, म्हणाली, नीट बघते, थोडा वेळ धरा.

थोडा वेळ. ताईंच्या उजव्या अंगठ्यातून कळ निघाली ती कोपरापर्यंत गेली. बोटांची पकड सैल व्हायला लागली. ही मान आपल्या हातून निसटली तर? मामा त्यांच्याकडेच बघत होते.

"धाकटे, इकडे ये," त्या म्हणाल्या. "माझ्या हातांखालून हात घाल."

धाकटीने त्यांच्या बोटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. हातमोजे उतरवून ती उशाशी आली आणि खालून आपले हात सरकवले. क्षणभर ते डोकं चार हातांत होतं. धरलंस का, असं ताईंनी विचारलं, धरलं म्हणून तिने सांगितलं, तेव्हाच ताईंनी आपले हात काढून घेतले.

काहीतरी बदललंय हे रंगाऱ्याला कळलं. कुशीवर असल्यामुळे त्याला फक्त भिंत दिसत होती. त्याने भिंतीलाच विचारलं, "डोकं कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे," धाकटी म्हणाली.

ताई वळसा घालून मागे गेल्या. बऱ्याच वर्षांनी त्या पाठीला उभ्या होत्या. लाल झालेली जागा त्यांनी वाकून पाहिली, ती न चोळता बाकीची पाठ तळहाताने टिपून कोरडी केली, चादरीच्या सुरकुत्या काढल्या. कोपराच्या मागे तेलरंगाचा एक पांढरा ठिपका अजून होता. तो त्यांनी तसाच ठेवला.

झालं, असं त्यांनी सांगितलं. आता रंगाऱ्याला सरळ करायचं होतं. दोन्ही मामा आणि कमरेला उभी असलेली नर्स, तिघांनी सवयीने ताईंकडे पाहिलं.

"तिकडे नाही, इकडे बघा," धाकटी म्हणाली. "एक. दोन."

ताईंचं तोंड आपोआप उघडलं होतं. त्यांनी ते मिटून घेतलं.

"चला," धाकटी म्हणाली, आणि सगळ्यांबरोबर ताईही हलल्या.