बांधावरचा पाचवा

दादाभाऊचं वागणं साळुबाईला पटत नव्हतं. पन्नाशी गाठेपर्यंत ज्यानं आईला कधी पाणी विचारलं नाही, तो आता बशीत चहा ओतून, फुंकर घालून पुढे करत होता.

"मी काय मरायला टेकले का?" ती सुनेला म्हणाली. "का माझ्या नावावर आणखी जमीन निघाली?"

प्रतिभा हसली नाही. "लेकाची काळजी हाय त्यास्नी," एवढंच म्हणाली.

काळजी तर साळुबाईलाही होती. नातू शौर्य पोलीस भरतीसाठी पळायला जायचा आणि आता त्याच्यावरच गुन्हा नोंदला होता. कांदा काढलेल्या वावरात तिनं राघू धनगराची मेंढरं बसवली होती, खतासाठी. मेंढरं बसलीत तोवर धनगराची भाकरी मालकाच्या घरची, ही लोणी गावातली जुनी रीत. त्या दुपारी साळुबाई भाकरी घेऊनच निघाली होती. लांबूनच तिला दिसलं, पोरं राघूला काठ्यांनी मारत होती. ती पोचेस्तोवर सगळे पांगले. राघूचा हात कोपरात मोडला होता.

राघूनं चार नावं दिली. शौर्य आणि त्याचे तीन दोस्त.

साळुबाईला मात्र पाच आठवत होते. पाचवा बांधावर, पाठमोरा, हातात काठी नसलेला.

राघूची बायको रतनबाई ग्रामपंचायतीत निवडून आली होती, प्रतिभाला पाडून. 'मेंढरामागं फिरणारे आता आमच्यावर राज्य करणार का' इथपासून सुरुवात करून पोरं जातीवरून काय काय बोलली, ते पोलिसांनी लिहून घेतलं होतं.

"असलं बोलायला कुठं शिकलास रं?" साळुबाईनं नातवाला विचारलं.

"आज्जी, त्यानं काय व्हत न्हाई. धनगरांना ॲट्रॉसिटी लागू न्हाई. कितीबी बोला."

"हे तुला कुणी सांगितलं?"

शौर्यनं आईकडे पाहिलं. प्रतिभा भाकरी थापत राहिली.

मंचरच्या वकीलबाईंनी मात्र मान हलवली. "ॲट्रॉसिटी नाही लागत, खरंय. पण नव्या कायद्यात दुसरं कलम आहे, आजी. नुसती मारहाण असेल, हात मोडला असेल, तर जामीन होतो. पाच किंवा जास्त जणांनी मिळून, जातीवरून मारलं असेल, तर जामीन अवघड. आणि मग काठी मारणारा आणि चिथावणी देत उभा असलेला, दोघं सारखेच गुन्हेगार."

"चौघांनी जातीवरून मारलं तर?"

"तर हे कलम नाही."

"म्हंजी पाचवा आला की हात जास्त मोडतो का?"

वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "कायदा असाच आहे. पाहणाऱ्या तुम्ही एकट्या. तुमच्या जबाबावर सगळं आहे."

साळुबाईला काही उमजेना. राघूला का मारलं, ते कायदा विचारत होता हे तिला पटलं. पण त्या 'का'ला माणसं मोजायची काय गरज, हे तिला वकीलबाईंनी दोनदा सांगूनही कळलं नाही.

परतताना गाडीत दादाभाऊ म्हणाला, "आई, चारच. मेंढरं उधळली व्हती, धुरळा केवढा. त्यात तुला पाच दिसले काय न् सात दिसले काय."

"तू कुठं व्हतास तवा?"

"कांदा घेऊन मंचरला. सांगितलं न्हाई व्हय?"

साळुबाईनं मनाशी ताडून पाहिलं. असेल धुरळा. असेल एखादं झाड. पण मोतीबिंदू काढल्यापासून आपल्याला लांबचं लख्ख दिसतं, असं गावभर सांगत फिरणारी तीच होती.

मग तिनं दवाखाना गाठला. रतनबाईनं स्टूल पुढे केलं. राघूचा हात प्लॅस्टरमध्ये होता.

"किती जण व्हते रं राघू?"

"चारच व्हती, मावशी."

"सांगा की खरं," रतनबाई म्हणाली.

"तू गप." राघूनं मान भिंतीकडे वळवली. "उद्या मला मेंढरं ह्याच गावात बसवायचीत. मावशी, दादांना सांगा, राघूनं चारच सांगितली म्हणून."

साळुबाई आणखीच घोटाळ्यात पडली. मारणारे चार म्हणत होते, मार खाणाराही चारच म्हणत होता. मग आपल्यालाच हा पाचवा का चिकटलाय? बाहेर पडताना तिनं रतनबाईला जेवलीस का म्हणून विचारलं. रतनबाई म्हणाली, "तुमच्या घरची भाकरी आता न्हाई गिळत, मावशी."

दुसऱ्या दिवशी दादाभाऊनं तिला पोलीस ठाण्यात आणलं. हाताला धरून उतरवलं. "शौर्यचं आयुष्य तुझ्या हातात हाय," तो हळूच म्हणाला. ती आत गेली. बराच वेळ झाला. तिचा जबाब लिहून घेताना साहेबांनी दोनदा काहीतरी विचारलं, तिनं दोनदा तेच सांगितलं.

ती बाहेर आली तेव्हा दादाभाऊ पायरीशी उभा होता.

"किती सांगितलीस?"

"पाच."

त्याचा चेहरा उतरला. "नातवाला बुडवलंस तू. आन् पाचव्याचं काय, तोंड तरी बघितलंस का त्याचं? कोर्टात टिकायचं न्हाई हे."

"तोंड कशाला लागतंय?" साळुबाई पायरीवर बसली. "ती पाठ मी न्हाऊ घातलीय, दादा. पोरांच्या तोंडात जीभ तुझी व्हती. साहेबांना तुझं नाव दिलंय मी. जा आत, आन् लेकाच्या शेजारी उभा ऱ्हा."