पिकअपचा रंग

मुलगी सुट्टीला घरी आली, गॅरेजचं शटर वर करून तिथेच थबकली. तिचे वडील गेल्यापासून गंजत पडलेल्या जुन्या पिकअपखाली आईचा दुसरा नवरा, पेशाने मेकॅनिक, आडवा पडला होता.

"काका, बाबांच्या गाडीला हात का लावलात?"

बाहेर सरकत तो म्हणाला, "गंज खालून पोखरत होता गं. आणखी वर्ष गेलं असतं, तर गाडी हातची गेली असती."

ती शटरापाशीच उभी राहिली. तो चाचरत म्हणाला, "ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात. ब्रेकवर पाय ठेवून बसतेस?"

ती वडिलांच्या सीटवर बसली. "दाब... धर... सोड," तो खालून सांगत राहिला. तासाभराने ब्रेक घट्ट लागला.

मग त्याने रंगांचं कार्ड पुढे केलं. "बाबांचा निळा यातला नेमका कुठला? तू दाखवशील तोच लावतो."

तिने कार्ड बराच वेळ पाहिलं आणि त्याच्याच हातात परत दिलं.

"निळा बाबांना आवडायचा. तुम्हाला कुठला आवडतो?"

चार वर्षं त्या घरात पाहुण्यासारखा जपून वावरलेला तो माणूस कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला. त्याला एकही रंग धड दिसेना.