आधीच्या साहेबांचा नंबर

धाकट्याने नोकरीच्या अर्जात घरी लोळून काढलेली तीन वर्षं ‘एका कौटुंबिक संस्थेत व्यवस्थापक’ म्हणून लिहिली, आणि आधीच्या साहेबांचा म्हणून माझा नंबर ठोकून दिला. वर मला म्हणाला, “आई, फोन आला तर फक्त चांगला आहे म्हण. बाकी तोंड उघडू नकोस.”

मला शिकवतो.

फोन आला. मी स्पीकर लावला. कंपनीतल्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, “तुमच्या हाताखाली तो कसं काम करायचा?”

मी शिकले चौथीपर्यंत, त्यात खोटं बोलायचा धडा नव्हता. “एक काम चारदा सांगावं लागतं,” मी म्हटलं. “घडी चुकली की सगळे कपडे विस्कटून परत घड्या घालायला लावते. उलट बोलला की चहा बंद. सहाला उठला नाही तर तोंडावर तांब्याभर पाणी.”

धाकटा समोर हात जोडून उभा. पलीकडून बाईंनी विचारलं,

“आणि तरी तीन वर्षं टिकला?”

“जातोय कुठे?”

“सोमवारपासून पाठवा. आमच्या साहेबांपुढे महिनाभरसुद्धा कुणी टिकत नाही.”

धाकट्याने जोडलेले हात कपाळावर मारले. बाईंनी फोन ठेवता ठेवता विचारलं, “तुमच्याकडे असं आणखी कोणी आहे का हो?”

कोपऱ्यातल्या खुर्चीत ह्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि केसांवरून हात फिरवला.

“आहेत एक. चाळीस वर्षांचा अनुभव आहे,” मी म्हटलं. “पण त्यांना मी सोडायची नाही.”