घरची मुलगी

"सिस्टर, तुम्ही पेशंट व्हा," प्रशिक्षण द्यायला बाहेरून आलेल्या बाई म्हणाल्या. "आणि डॉक्टर, तुम्ही डॉक्टरच."

हॉल हसला. जेवणं नुकतीच झाली होती, पंखे इकडची हवा तिकडे ढकलत होते. लैंगिक आजार हा विषय सकाळपासून सगळ्यांनी मान खाली घालून ऐकला होता. नाटक म्हटल्यावर जरा जिवात जीव आला. डॉक्टर बाह्या सरसावत खुर्चीत बसले. स्टाफच्या निम्म्या घरांतली मुलं त्यांच्याच हातांवर जन्मली होती. लोक त्यांच्यावर जीव टाकायचे.

समोर लेबर रूमची सिस्टर येऊन बसली. वयाने त्यांच्याच बरोबरीची.

"बोला ताई, काय त्रास?" डॉक्टरांनी सूर लावला.

"सातवा लागलाय. पहिलं आठव्यात पोटातच गेलं."

कुजबुज थांबली. सिस्टरच्या मुलीला सातवा महिना होता, आणि तिचं पहिलं कसं गेलं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बाहेरून आलेल्या बाईंना.

"छान," त्या म्हणाल्या. "असंच बोला, खऱ्यासारखं."

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला. "रक्त-लघवी तपासली?"

"सगळं झालं. सिफिलिसची तेवढी राहिली."

"ती का राहिली?" बाईंनीच मध्ये विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, आपल्या स्टाफची मुलगी, म्हणजे घरचीच मुलगी. तिला कशाला ती लावायची? बरं दिसत नाही."

मागे कुणीतरी खाकरलं. हा इथला रिवाजच होता. बाहेरची बाई आली की ती तपासणी डोळे मिटून लिहायची, स्टाफच्या घरची आली की तेवढी गाळायची. लिहिली तर अपमान. मुलीच्या वेळी सिस्टरनेही हात जोडून आभार मानले होते.

"ऐकताय ना?" बाई हॉलकडे वळल्या. "ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची. राणी असो नाहीतर तिची मोलकरीण. डॉक्टर, आता नवऱ्याचं विचारा."

डॉक्टरांनी विचारलं नाही. सिस्टरने उत्तर मात्र दिलं.

"नवरा परवा तुमच्याकडेच येऊन गेला की. ओपीडी संपल्यावर, मागच्या दाराने. घरी सांगितलं, पाय मुरगळला. दोन्ही पाय एकदम?"

एक-दोघे हसले, आणि हसू तोंडातच राहिलं. दोन्ही कुल्ल्यांत जाड सुईने सिफिलिसचं ते दुधासारखं इंजेक्शन घेतलेला माणूस कसा चालतो, हे नर्सला सांगावं लागत नाही. सिस्टरने जावयाला तसं जिना उतरताना पाहिलं होतं. तेव्हा मनाने मानलं नाही. सकाळी पडद्यावर त्या आजाराने पोटात दगावलेली बाळं पाहिली, तेव्हा मानलं.

"सिस्टर," डॉक्टर आवाज खाली आणत म्हणाले, "हे आपण नंतर बोलू. माझ्या खोलीत."

"अं हं!" बाईंनी टाळी वाजवली. "पेशंटला नंतर या म्हणायचं नाही. आणि सिस्टर काय म्हणताय? पेशंट आहे ती."

डॉक्टरांनी रुमाल काढला. "त्याने पाय धरले हो माझे. घरी कळू देऊ नका म्हणाला."

"चांगला मुद्दा काढलात. नवऱ्याचं गुपित गुपितच ठेवायचं. बायकोलाही घेऊन ये म्हणून त्याला समजवायचं. पण बायकोचं रक्त तपासायला गुपित कशाला फोडावं लागतं? सगळ्यांचंच तर तपासायचं असतं."

"एवढंच होतं," सिस्टर म्हणाली. "एक नळीभर रक्त."

तिचा आवाज चढला नव्हता. खुर्चीचा दांडा धरलेली बोटं तेवढी पांढरी पडली होती.

"पहिलं गेलं तेव्हा म्हणालात, देवाची मर्जी. देवाला कशाला मध्ये ओढलंत? त्या बिचाऱ्याला इंजेक्शन देता येत नाही. तुम्हाला येतं. आणि परवापासून तर तुम्हाला सगळं माहीत आहे. तरी काल माझ्या पोरीच्या पोटावर हात ठेवून म्हणालात, सगळं उत्तम!"

बाईंचा हात हवेतच थांबला. आता त्यांनाही कळलं.

"मी तुमचा मान राखला, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. अगदी कळवळून म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि चीड यायची ती त्याचीच.

"मान राखलात. नातवंड नाही राखलंत."

ती उठली. सगळ्यांदेखत तिने फोन लावला.

"हं, मीच. आहेस तशी निघ... अगं, स्वयंपाक राहू दे. रक्त द्यायचंय, आणि आजच इंजेक्शन घ्यायचंय. घाबरू नकोस, त्याने बाळ वाचतं. आल्यावर सगळं सांगते... तो? त्याला घरीच बसू दे. बसवत असेल तर."

मागच्या रांगेतला लॅबवाला कुणी न सांगता उठला आणि खिशातल्या किल्ल्या चाचपत बाहेर गेला. डॉक्टर खुर्चीत तसेच बसून होते, रुमालाची घडी घालत, उलगडत.

बाईंनी घसा साफ केला. "बरं... पुढची जोडी?"

कुणी उठलं नाही. दाराशी मेट्रन भिंतीकडे तोंड करून उभी होती, फोन कानाला लावून. तिच्या सुनेला पाचवा लागला होता.