सव्वीस जानेवारीची पूजा

संध्याकाळी नारळावर हात ठेवायचा होता. सासऱ्यांनी, अण्णा परबांनी, तो सकाळीच देव्हाऱ्यापुढे आणून ठेवला होता आणि रुक्मिणी तिकडे न बघता भांडी घासत होती.

घाटकोपरच्या टेकडीवरल्या त्या चाळीत नऊ दिवसांत एकोणीस माणसं काविळीनं पडली होती. एकोणिसावी रुक्मिणीची जाऊ, सुगंधा. सातवा महिना चालू होता. पोटुशी बाईला कावीळ म्हणजे काय, ते इस्पितळातल्या डॉक्टरांच्या तोंडावरूनच कळत होतं. चाळीचं म्हणणं एकच, सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणात काहीतरी विटाळ झाला. अण्णा चाळकमिटीचे अध्यक्ष. त्यांनी अंगणात उभं राहून सांगून टाकलं, "जेच्या हातसून चूक झाली आसात, तेनी सांजेक देवाच्या गाऱ्हाण्याच्या टायमाक नाव सांगूचा. नायतर सगळ्यांनी नारळार हात ठेवन शपथ घेवची."

चूक कुणाची ते रुक्मिणीला पक्कं ठाऊक होतं. पूजेला नवं जोडपं बसवायची चाळीची रीत, आणि यंदा मान तिचा नि तिच्या नवऱ्याचा, लवूचा. नेमकी त्याच सकाळी तिची पाळी आली. पाट मांडलेले, भटजी आलेले, अण्णा नवा सदरा घालून पाहुण्यांच्या पुढेपुढे करताहेत. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. ती मुकाट्यानं पाटावर बसली, आणि आता एकोणीस माणसांचं पाप उरावर घेऊन हिंडत होती.

तेवढ्यात दारात डॉ. जयंती प्रधान उभ्या राहिल्या. पालिकेच्या साथरोग विभागातल्या या पन्नाशीच्या बाई तीन दिवस चाळ पालथी घालत होत्या. पायात रबरी चपला, काखेत वही. सुई नाही, गोळी नाही, नुसते प्रश्न. कधी आजारी पडलात, काय खाल्लंत, पाणी कुठलं पिता. जे आजारी नव्हते त्यांच्याही घरी हेच प्रश्न, तितक्याच गोडीनं. "डॉक्टर कसली, ही तर जनगणनेची बाई," म्हणून लोक हसले. कुणी तोंडावर दार लावलं तर बाई तासाभरानं पुन्हा तेच दार वाजवत. अशी चिकाटी देवानं फार थोड्यांना दिलेली असते.

"तुझं शेवटचं घर," बाई उंबऱ्यात टेकत म्हणाल्या. "घटकाभर वेळ आहे ना?"

रुक्मिणीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "बाई, आता कोणाला काय विचारू नका. माझ्यामुळं झालंय सगळं. मी बाहेरची होते, आणि तशीच पूजेला बसले."

बोलून तिनं डोळे मिटून घेतले.

"तारीख?" बाईंनी विचारलं.

"सव्वीस जानेवारी."

बाईंनी वहीत बोट फिरवलं. "पहिला माणूस पिवळा झाला तीन फेब्रुवारीला. आठच दिवस. जमत नाही गं. कावीळ पोटात गेली की डोळ्यांत दिसायला निदान पंधरा दिवस, बहुतेकदा महिना जातो. तू पाटावर बसलीस तेव्हा ही माणसं दुखणं पोटात घेऊनच प्रसादाला आली होती."

रुक्मिणी ओंजळीत तोंड लपवून रडली. बाईंनी तिला पोटभर रडू दिलं. मग म्हणाल्या, "आता मला सांग, पूजेच्या आधी तीन-चार आठवडे इथं नवीन काय झालं? आजारी घरं सगळी वरच्या रांगेतली. खालच्या रांगेत एक नाही. आणि पाणी विचारलं की जो तो म्हणतो, नळाचं."

रुक्मिणीनं डोळे पुसले. खालचा नळ जुना होता, वरचा एक जानेवारीला आलेला. बायकांची पायपीट वाचावी म्हणून अण्णांनीच पालिकेला न विचारता पाइप वाढवून घेतला होता. म्हणून तर पालिकेच्या बाईपुढे साऱ्या चाळीनं तोंड शिवलं होतं. सांगावं तर सासऱ्यांच्या अब्रूची वाट लागणार. न सांगावं तर उद्या आणखी कुणाची तरी सुगंधा होणार.

"वरचा नळ नवा आहे," ती म्हणाली.

बाई उठल्याच. पाइपाच्या मागोमाग निघाल्या आणि संडासामागच्या गटारापाशी थांबल्या. पाइप गटारातूनच नेला होता आणि त्याचा सांधा सैल होता. दिवसाकाठी एक तास पाणी यायचं. बाकीचे तेवीस तास रिकामा पाइप गटार आत ओढत होता. बाईंनी तिथंच नळ बंद करायला लावला. जमलेल्यांना सांगितलं, "पाणी उकळून प्या. अजून महिनाभर काही जण पिवळे होतील, ते आधी प्यालेलं पाणी. तेव्हा घाबरून कुणाचं पाप शोधत बसू नका." पूजेचा विषय त्यांच्या तोंडून निघाला नाही. नळाचं कुणी सांगितलं, तेही नाही.

संध्याकाळी लवू इस्पितळातून सांगत आला की सुगंधाची ओकारी थांबलीय, पेज पोटात राहिलीय. गाऱ्हाणं काही झालं नाही. बाई ओट्यावर बसून वही पुरी करत होत्या. अण्णा हळूच त्यांच्यापाशी आले. नऊ दिवस अंगणात घुमणारा त्यांचा आवाज आता जेमतेम निघत होता.

"डाक्टरीणबाई, ह्यां कोणी केल्यान, तां वहीत लिवचा लागता काय?"

आतल्या दाराशी रुक्मिणी कान देऊन उभी होती.

बाईंनी उघडी वही अण्णांपुढे धरली. "बघा ना अण्णा. कधी, कुठं, कशातून. 'कुणी' असा रकानाच नाही यात."